दोन कामट्यांची फट

मित्रांनो, ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ असं मोठी माणसं उठता-बसता म्हणतात. ते कोंबडं ज्याच्याखाली झाकतात, ते मी. मी एक जुनं डालगं आहे, बांबूची विणलेली पालथी टोपली. त्या म्हणीत माझं नावसुद्धा येत नाही, आणि तरी लपवाछपवीचा आळ मात्र माझ्यावर! जाऊ द्या. आम्हा डालग्यांना मान कधी नव्हताच.

सध्या मी चौसाळ्यात बसप्पा वाण्याच्या घरी खुंटीवर असतो. हे लिंगायतांचं घर. इथे कुणी कधी कोंबडी पाळली नाही, अंड्याला कुणी बोट लावलं नाही. त्यामुळे नवा पाहुणा आला की वर बघतो आणि विचारतो, “आवो, हे कोंबड्याचं डालगं तुमच्या घरी कावून?” घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी पाणी आणायला आत जातं. माझ्या पोटाला दोन बोटं रुंदीची एक फट आहे. तिच्याकडे बोट दाखवून पाहुणा पुन्हा म्हणतो, “अन् ते बी फाटकं!” फाटका मी नाही. बांबूच्या दोन पातळ पट्ट्या, कामट्या, माझ्यातून काढून घेतल्या, आणि त्या कशासाठी काढल्या तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म म्हाळू बुरडाच्या ओट्यावर झाला. फसली सन तेराशे पंचवीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंधराच्या सुमाराला. तेव्हा आमच्या मुलखात निजामाचा अंमल होता आणि सालं फसलीत मोजत. माझा बांबू कुठल्या रानातला ते मला आठवत नाही, पण तो उभा चिरताना झालेला आवाज आठवतो. म्हाळूने कामट्या काढल्या, पाण्यात भिजवल्या आणि पायाच्या अंगठ्यात धरून तो विणायला बसला. साधं डालगं विरळ विणतात, वारा खेळावा म्हणून. पण केसरबाई त्याच्या समोर ठाण मांडून बसली होती.

“म्हाळू, दाट वीण. मुंगसाचा पंजा आत जाता कामा न्हाई.”

“बाई, इतकं दाट विणल्यावर कोंबडी गुदमरंल की.”

“तुज्या घरची गुदमरत असंल. माज्या कोंबडीला मी बघती. तू वीण.”

अशी ही केसरबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती लेक शिवकन्या माजलगावला दिलेली. घरात बोलायला माणूस नाही आणि तोंड तर गप्प बसत नाही. मग ती कोंबड्यांशी बोले. कोंबड्या म्हणजे दोनच. एक पांढरीशुभ्र बत्ताशी आणि दुसरा तांबडा जमादार.

बत्ताशीचे लाड काय सांगू! भाकरी फुगली की वरचा पापुद्रा तिचा आणि खालची जाड भाकर केसरबाईची. उन्हाळ्यात माझ्यावर ओलं फडकं टाकून तिला गारवा करायचा. थंडीत तिच्या पायांना करडीचं तेल चोळायचं. ज्वारीच्या कण्यांत चिमूटभर गूळ घालायचा, तोही बोटांनी नीट कुस्करून. बाया विहिरीवर हसत, “केसरबाईच्या कोंबडीला पाटावर बसवून वाढत्यात म्हनं!” केसरबाई घागर डोक्यावर घेत म्हणे, “वाढती. तुमच्या नवऱ्यापरीस ती ताटात कमी सांडती.”

जमादाराची गोष्ट वेगळी. तुरा एका बाजूला कललेला, चालणं असं की साऱ्या गल्लीचा बंदोबस्त याच्याकडेच आहे. तो माझ्याखाली कधी खुशीने आला नाही. उलट माझ्या डोक्यावर उभा राहून आरवे आणि जाताना माझी पाठ घाण करून जाई. मित्रांनो, मला तो मेला अजिबात आवडत नसे. हे मी आत्ताच सांगून टाकतो. पुढे मला ते सांगायला जड जाईल.

केसरबाईची एक हाक होती. सुपातले दाणे मुठीत घेऊन ती परसात उभी राही आणि जीभ टाळूला लावून म्हणे, “तीऽ तीऽ तीऽ!” ती हाक ऐकली की जमादार कुठेही असो, उकिरड्यावर असो की कडुलिंबाच्या शेंड्यावर, पंख फडफडत थेट तिच्या पायाशी येऊन पडे. दुसऱ्या कुणी मूठभर गहू दाखवले तरी तो मान वळवत नसे. तिची हाक म्हणजे दाणे, यात त्याला कधी शंका आली नाही, कारण तिने कधी येऊ दिली नव्हती.

आता पलीकडच्या घराची गोष्ट. केसरबाईच्या परसाला लागून मातीची कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे बसप्पा. पुढे त्याचं किराण्याचं दुकान, मागे माजघर. त्याची बायको शांतादेवी शिवभक्त बाई. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. आणि जमादाराला नेमकी तिच्या पूजेच्या ताटातल्या तांदळाची चटक लागली होती. तो भिंत ओलांडी, ओल्या सारवणावर पाय उमटवी, ताट उधळी. शांतादेवी पुन्हा सारवे, पुन्हा अंघोळ करी. असं किती दिवस चालणार?

एके सकाळी तिचा संयम सुटला. जमादार ताटाशी दिसताच तिने चुलीपुढचं लाकूड उचलून भिरकावलं. जमादार टुणकन उडाला. लाकूड त्याच्या मागून येणाऱ्या बत्ताशीच्या पायावर बसलं.

बत्ताशीने जो आवाज काढला तो कोंबडीचा वाटतच नव्हता. केसरबाई भिंतीवरून कशी उडी मारून गेली, तिचं तिला ठाऊक. पदरात कोंबडी घेऊन ती परत आली तेव्हा एक पाय लोंबत होता. भिंतीपाशी उभं राहून तिने साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं, “दयाधरम सांगता व्हय लोकाला? मुंगी मरू नये म्हनून फुकून पाय टाकता, अन् मुक्या जिवाचा पाय मोडता! तुमच्या अंगनाचं पानी बी नको मला!”

शांतादेवी तोंडावर हात ठेवून उभी होती. तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी भिंतीपलीकडे चुलीचा धूर दिसला नाही. मी परसातच असल्यामुळे मला ते कळलं. केसरबाईला कळलं नाही, कारण ती बत्ताशीत गुंतली होती.

पाय मधोमध मोडला होता. आधार द्यायला पातळ, सरळ, लवचिक असं काही हवं होतं. केसरबाईने घरभर पाहिलं. मग तिची नजर माझ्यावर आली. तिने विळा आणला आणि माझ्या पोटातल्या दोन शेजारशेजारच्या कामट्या ओढून काढल्या. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या कामट्या तासून, गुळगुळीत करून, आंबेहळदीचा लेप लावलेल्या पायाच्या दोन्ही बाजूंना तिने बसवल्या, वरून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, तेव्हा दुखणं विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा काही भाग झाकायच्या नाही, उभं करायच्या कामी आला होता.

“एकवीस दीस हलायचं न्हाई गं बाई,” तिने बत्ताशीला बजावलं आणि मला वरून ठेवलं.

त्या दिवसांत लाडाला सीमा राहिली नाही. कण्या दुधात भिजवायच्या, तळहाताची ओंजळ करून पाणी पाजायचं, दिवसातून दोनदा खालची राख बदलायची. बसल्या जागी खाऊन खाऊन आठ-नऊ दिवसांत बत्ताशी अशी गुबगुबीत झाली की माझ्या पोटात तिला जागा कमी पडू लागली. केसरबाईला आनंद झाला. मलाही झाला. आम्हा दोघांनाही अक्कल नव्हती, मित्रांनो. न पळणारी, गलेलठ्ठ, पांढरी कोंबडी आपण कुणासाठी तयार करतोय, हा विचार आमच्या मनात आला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी हलगी वाजली. सटवा गल्लीतून ओरडत गेला, “ऐका होऽ! हाकिमाचा दौरा हाय होऽ! गावाच्या भायेर डेरा पडलाय! ज्याच्या घरी कोंबड्या, त्यानं घरटी एक द्यायची होऽ!”

तेव्हाची हीच रीत होती. मोठा हाकीम दौऱ्यावर आला की लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, सारं गावाने पुरवायचं. द्यायचं की नाही, हे कुणी विचारत नसे. सटवा हा गावचाच माणूस. हलगी वाजवणं आणि धरलेल्या कोंबड्या काठीला उलट्या टांगून हाकिमाच्या चपराशामागे चालणं, हे काम त्याच्या नशिबी आलं होतं.

केसरबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. जमादाराची चिंता नव्हती. तिने त्याला हुसकावून परसातल्या लिंबावर चढवलं. तिथून त्याला कुणाच्या बापाला धरता येणार नव्हतं. पण बत्ताशी? ती पळू शकत नव्हती, उडू शकत नव्हती, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला तिचं ठिकाण ठाऊक होतं. घरात कुठेही ठेवली तरी पहिल्यांदा मलाच उचलून बघणार. गल्लीच्या टोकाला कोंबड्यांचा कलकलाट सुरू झाला. एकेक घर जवळ येत होतं.

केसरबाई परसात आली. तिने भिंतीकडे पाहिलं. या साऱ्या गावात एकच घर असं होतं जिथे कोंबडी शोधायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, आणि त्याच घराला तिने नऊ दिवसांपूर्वी शिव्या हासडल्या होत्या.

तिने बत्ताशीला माझ्या खाली नीट धरलं, खालून फळी सरकवली आणि आम्हाला घेऊन ती भिंतीपाशी उभी राहिली.

“शांताआक्का!”

मागच्या दाराशी शांतादेवी आली. मागून बसप्पाही आला, हातात तराजूची दोरी तशीच.

“आक्का, चपराशी यायलाय. ही पळू शकत न्हाई. म्या तुमाला लई बोलले, ते पोटात घाला. पर हिला दोन घटका आत ठिवा.”

बसप्पा गडबडला. “अवो केसरबाई, काय बोलता? आमच्या घरात कोंबडी? उद्या मठात तोंड दाखवायचं हाय आमाला. अन् हाकिमाला कळलं तर दुकानाला कुलूप! न्हाई, न्हाई.”

त्याचं चुकत नव्हतं. तो भित्रा नव्हता, संसारी होता.

शांतादेवीने नवऱ्याकडे पाहिलं. “पाय मोडताना घर कुनाचं हुतं?” एवढंच ती म्हणाली. मग पदर खोचून तिने हात पुढे केले आणि जन्मात पहिल्यांदा कोंबडीचं डालगं छातीशी धरलं.

केसरबाई घाईघाईने सांगत होती, “आक्का, ह्या अंगाला फट हाय बगा. ही फट भितीकडं करा. अंधार आसला की कोंबडी गप बसती. उजेड दिसला की घोळ हुतो. भितीकडं, बरं का!”

“भितीकडं,” शांतादेवी म्हणाली.

तिने मला माजघरात नेलं. ज्या कोपऱ्यात तिची पूजा होई, तोच कोपरा सगळ्यांत आतला. तिने मला तिथे ठेवलं, फट भिंतीकडे केली आणि समोर बसून राहिली. पलीकडच्या घरी चपराशाचा आवाज आला. केसरबाईची भांडी उलटीपालटी झाल्याचं ऐकू आलं. “पांढरी कोंबडी हाय म्हनत्यात तुजी. काढ भायेर!” “मुंगसानं नेली, सायेब. पिसं बी ऱ्हायली न्हाईत.” “खोटं बोलू नको, बुढे!” मग दाराची आदळआपट झाली आणि आवाज थांबला.

आम्हाला वाटलं, गेला. पण गेला नव्हता. तो उन्हातून फिरून दमला होता आणि बसप्पाच्या दुकानाच्या पायरीवर टेकला होता. त्याने तंबाखू मागितली. सटवा काठी खांद्यावर घेऊन उभा होता आणि काठीला टांगलेल्या कोंबड्या मधूनच पंख झटकत होत्या. दुकान आणि माजघर यांच्यामध्ये एक उघडं दार आणि सात-आठ पावलं, एवढंच अंतर.

आता ऐका, चूक कशी झाली. बत्ताशी माझ्या पोटात धापा टाकत होती. घाबरली की कोंबड्या चोच उघडून तशा धापा टाकतात, त्यात मरण्यासारखं काही नसतं. कोंबड्या पाळणाऱ्या घरातल्या पोरालाही हे माहीत असतं. पण शांतादेवीच्या माहेरी नाही, सासरी नाही, कुठेच कोंबडी नव्हती. तिला वाटलं, जीव गुदमरतोय. एकदा आपल्या हाताने पाय मोडला, आता आपल्याच घरात प्राण जाणार. तिचे डोळे भरून आले. आणि त्या बाईने निव्वळ मायेपोटी मला हळूच फिरवलं. वाऱ्यासाठी तिने फट माळवदाच्या छतातल्या झरोक्याकडे केली.

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. झरोक्यातलं ऊन सरळ माझ्या पोटात शिरलं. बत्ताशीने फटीतून मान बाहेर काढली, उजेड पाहिला, जरा बूड हलवलं आणि पाय मोडल्यापासून नऊ दिवस न घातलेलं अंडं तिने नेमकं तेव्हा घातलं. अंडं घातल्यावर कोंबडी काय करते ते तुम्हाला माहीत आहे.

“कॉक्-कॉक्-कॉक्-कॉकाऽक!”

दुकानात तराजूचं पारडं खण्णकन आपटलं.

“बसप्पा,” चपराशाचा आवाज आला, “ह्ये काय रे?”

“काय… काय की सायेब. शेजारून आलं आसंल.”

“शेजारून न्हाई. तुज्या घरातून आलं.”

सटवा मधे बोलला, “सायेब, लिंगायताच्या घरी कोंबडी सापडली तर वाघाच्या जाळीत बकरी बी सापडंल.”

“गप बे! मला कान हायेत.”

माझ्याशेजारी बसलेल्या शांतादेवीने तेव्हा एक गोष्ट केली. तिने पाट ओढला, माझ्याकडे पाठ करून ती अशी बसली की तिच्या लुगड्याच्या घोळात मी दिसेनासा झालो. कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि मोठ्याने म्हणू लागली, “ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय…” जिच्या पूजेच्या ताटाला कोंबड्याची चोच लागली तर ती दोनदा अंघोळ करायची, तीच कोंबडीला पाठीशी टेकून बसली होती. तळहातावरचं लिंग जराही हललं नाही.

“आत पूजा चालू हाय, सायेब,” बसप्पा म्हणाला.

“पूजा काय कोंबडी करती व्हय बे?” चपराशी उठला. त्याच्या जोड्यांचा आवाज दाराशी आला. उंबऱ्यापाशी थांबला. बत्ताशी पुन्हा ओरडायच्या बेतात होती, तिची मान मला आतून जाणवत होती. आता हा माणूस चार पावलं आत आला की सगळं संपलं. बत्ताशी जाईल, बसप्पाचं दुकान जाईल, आणि या बाईला आपल्याच माणसांत तोंड वर करता येणार नाही. मी दाट विणलेला असून माझ्यात दोन बोटांचं भोक होतं, आणि ते बत्ताशीसाठीच पडलेलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

“तीऽ तीऽ तीऽ!”

मित्रांनो, ती हाक मी हजारदा ऐकली होती, पण अशी कधी ऐकली नव्हती. मधेच चिरल्यासारखी झाली. क्षणभर काहीच झालं नाही. मला वाटलं, नको येऊस. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मेल्याचं भलं व्हावंसं वाटलं. तू एवढा आगाऊ, एवढा शहाणा, आज नको ऐकूस.

लिंबाच्या फांदीवरून पंख फडफडले.

चपराशी उंबरा ओलांडायच्या आत केसरबाई दुकानापुढे उभी होती. मला ती दिसत नव्हती, आवाज तेवढा ऐकू येत होता. जमादार तिच्या काखेत असणार, कारण तो “कॉक्-कॉक्-कॉक्” असा दाबल्यासारखा ओरडत होता.

“हा बगा सायेब, ह्योच मगापासून बोंबलतोय. लिंबावर बसला हुता. घ्या.”

“कोंबडी आन् कोंबड्याचा आवाज मला कळत न्हाई व्हय?”

“घाबरलं की समदी सारखीच वरडत्यात, सायेब. हातात घेऊन बगा, वजनदार हाय.”

उंबऱ्यावरचे जोडे वळले. चपराशाने जमादाराला हातात तोलून पाहिलं असावं. “हां. माल चांगला हाय,” तो म्हणाला, “मग मगाशी न्हाई कावून म्हनली?”

“जीव तुटत हुता,” केसरबाई म्हणाली. ते मात्र खरं होतं.

निघताना सटवाने दारातून आत पाहिलं. शांतादेवीच्या पाठीमागे माझा काठ दिसत होता, आणि फटीतून बत्ताशीची पांढरी मान. सटवाने ते पाहिलं आणि काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “चला सायेब, ऊन वाढलंय,” तो म्हणाला. जमादाराचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. मग ते ऐकू येईनासं झालं.

केसरबाई मागच्या दाराने आली आणि माजघराच्या उंबऱ्यावर बसली. तिच्या मुठीत दाणे अजून तसेच होते. तिने ते त्याला दिलेही नव्हते. शांतादेवीने लिंग गळ्यात घातलं आणि सांगून टाकलं, “म्याच फट फिरवली. मला वाटलं गुदमरतीया. तुमी सांगितलं हुतं, तरी म्याच…” केसरबाईच्या तोंडात गावातल्या सगळ्या शिव्या होत्या, पण त्यातली एकही बाहेर आली नाही. ती म्हणाली, “मी बोलावलं आन् तो आला, आक्का. सरळ आला. इकडं तिकडं बघितलं बी न्हाई.” मग दोघी रडल्या. बसप्पा दाराशी उभा राहून उगाच तराजू पुसत होता.

अंडं माझ्याखाली फळीवर पडलं होतं. लिंगायताच्या माजघरात अंडं! शांतादेवीने पळसाचं पान आणलं, पानाने ते उचललं आणि केसरबाईपुढे धरलं. “ह्ये खायाचं न्हाई,” ती म्हणाली, “ह्यो जीव माज्या घरात आलाय. आन् जमादाराचाच हाय.”

एका अंड्यावर कोंबडी बसवतात का? गल्ली हसली. पण बत्ताशीला नाहीतरी बसूनच राहायचं होतं. केसरबाईने ते अंडं तिच्याखाली सरकवलं आणि माझी फट भिंतीकडे केली. पायाच्या चिंधीत माझ्या दोन कामट्या, पिसांखाली एक अंडं, असे आम्ही दिवस काढले. भाकरीचा पापुद्रा येत होता, दुधातल्या कण्या येत होत्या. पण केसरबाई त्या मुकाट्याने पुढे सारी. परसात उभं राहून तिने ती हाक पुन्हा मारली नाही. एकदा तिने जीभ टाळूला लावलेली मी पाहिली. आवाज फुटला नाही. तिने दाणे तसेच जमिनीवर टाकले आणि ती आत गेली.

अंड्यावर बसल्यापासून एकविसाव्या दिवशी अंडं टिचलं. ओलं, तांबूस, पिसांचं एक भिजकं बोचकं बाहेर आलं. पाय बांधून महिना होत आला होता, तेव्हा केसरबाईने बत्ताशीच्या पायाची चिंधीही सोडली. पाय जुळला होता, जरा वाकडा. बत्ताशी लंगडत परसात आली आणि पिल्लू तिच्यामागे. दोन दिवसांत ते पिल्लू भरकटत थेट भिंतीच्या फटीतून पलीकडे गेलं. जमादाराचंच रक्त ते! केसरबाई भिंतीशी धावली. बोलावल्याशिवाय ते येणार नव्हतं आणि बोलवायला तिच्याकडे हाक नव्हती. ती नुसती हात पुढे करून उभी राहिली, ओठ हलत होते.

पलीकडे शांतादेवी पूजेचं ताट मांडून बसली होती. पिल्लू ओल्या सारवणावर बारीक पावलं उमटवत तिच्याकडे निघालं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, केसरबाईकडे. तिने ताटातले चिमूटभर तांदूळ उचलले. जिने जन्मात कोंबडी बोलावली नव्हती ती बाई भिंतीशी वाकली आणि अवघडलेल्या, बेसूर आवाजात म्हणाली,

“तीऽ… तीऽ… तीऽ…”

पिल्लू आलं. तिने तांदूळ टाकले. आधी टाकले, मग ते आलेलं बघत राहिली.

मित्रांनो, पुढे बत्ताशी पाच वर्षं जगली, लंगडत आणि लाडात. केसरबाई गेली तेव्हा माजलगावहून आलेल्या शिवकन्येने भांडीकुंडी नेली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “ह्ये फाटकं चुलीत घाला.” शांतादेवीने मला तिच्या हातून काढून घेतलं. तेव्हापासून मी या खुंटीवर आहे. शांतादेवी आता म्हातारी झाली आहे. सणासुदीला घर झाडताना ती मला खाली घेते, फटीतून बोट फिरवते आणि पुन्हा टांगते. ती फट बुजवू का, असं म्हाळूच्या मुलाने विचारलं होतं. ती नको म्हणाली.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोंबडी असो, वासरू असो, कुत्र्याचं पिल्लू असो, तुम्ही जीव लावला की ते तुमचा आवाज ओळखू लागतं. त्याला दुखलं तर आपल्यातल्या कामट्या काढून द्या, चार दिवस फटीनिशी जगता येतं. पण ज्या हाकेने त्याला खायला बोलावता, त्या हाकेने त्याला दुसऱ्या कशाहीसाठी बोलावू नका. केसरबाईने ते एकदाच केलं, आणि तसं करण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. मी तिला कधी दोष दिला नाही. पण त्या दिवशी तिच्या मुठीतले दाणे मी ऐकले आहेत. ती माजघराच्या उंबऱ्यावरून उठली तेव्हा ते एकेक करून खाली पडले, आणि टिपायला तो नव्हता.